तान्हाबाईची पाटीभर माती

सोनखांब हे गाव डोंगराच्या कडेला आहे. नावात सोनं असलं तरी तिथे कुसळांशिवाय फारसं काही उगवत नाही. याच गावाच्या ख्रिस्ती मंडळीत बिशप शांतवन दुशिंग वर्षातून एक-दोनदा तरी येत. लोक त्यांना बिशपबाबा म्हणत. साऱ्या प्रांतातल्या मंडळ्या त्यांच्या हाताखाली होत्या, मोटार होती, ड्रायव्हर होता. पण ती मोटार बहुतेक वेळा कुणा आजाऱ्याला नाहीतर बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेलेली असे, आणि बाबा मांडीवर कापडी पिशवी घेऊन एसटीतून हिंडत. रविवारी उपदेश आणि सोमवारी सरकारी कचेरी, असा त्यांचा क्रम. ऊसतोडीच्या पोरांना शाळेत घ्या, गायरानातल्या झोपड्या उठवू नका, असं काही ना काही मागणं घेऊन ते साहेबाच्या दाराशी बाकावर बसून राहत. शिपाई कंटाळत. बाबा कंटाळत नसत.

बिशपबाबांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या ऐकून माणूस समाधानाने घरी जातो. ही तशी नाही. पण बाबांची थोरवी सांगायची तर ही वगळून चालणार नाही, आणि गोड तेवढंच सांगत बसायला आपण काही हलवायाच्या दुकानात बसलेलो नाही.

बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन जाते असं आपण म्हणतो. सोनखांबला ती नुसती भिजली आणि उन्हात पुन्हा वाळली. आधी ख्रिस्ती झालेली ती जुनी घरं, मागून दुसऱ्या जातीतून आलेली ती खालची ओळ. देवळात बाकं जुन्या घरांची, सतरंजी खालच्या ओळीची. कबरस्तानातही मधोमध दगडी भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मऊ काळी माती, तिथे जुन्या घरांची माणसं निजत. पलीकडे नुसता खडक. पहारीने कसाबसा खड्डा होई, पण त्यातून निघत ते दगड. मेलेल्यावर घालायला माती शेतातून मागून आणावी लागे, आणि शेतं सगळी जुन्या घरांची.

खालच्या ओळीत तान्हाबाई सकट राहत होती. नवरा कधीच गेला होता, मनू हा एकुलता एक मुलगा. ती देवळाचं अंगण झाडी आणि कबरस्तानही झाडी, भिंतीच्या दोन्ही अंगांनी. मागे एकदा बिशपबाबांनी उपदेशात सांगितलं होतं की देवाने माणूस एकाच मातीचा घडवला, तेव्हा ही भिंत आता काढा. पंच फिलेमोनराव आढावांनी हात जोडून सांगितलं, होय बाबा, पावसाळा सरला की काढू. त्यावर पावसाळे येत गेले, सरत गेले. तान्हाबाईला मात्र बाबांचा शब्द म्हणजे झाल्यातच जमा वाटे. भेटेल त्याला ती सांगे की भिंत जाणार, बाबांनी सांगितलंय. फिलेमोनराव चारचौघांत तिची टर उडवत. "तान्हाबाई, भिंत पडायच्या आधी झाडून झाडून तुझी पाठ मोडेल," असं ते एकदा म्हणाले आणि देवळाच्या पायरीवर सगळे हसले. तीही हसली. गरिबाला स्वतःवरच्या विनोदालाही हसावं लागतं.

फिलेमोनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या आजोबांनी देवळाला जागा दिलेली, मिशनच्या बोर्डिंगचा कारभारही त्यांच्याकडेच. त्या वर्षी ऐन वैशाखात दृढीकरणाच्या, म्हणजे मोठ्या झालेल्या पोरांना मंडळीत पक्कं करून घेण्याच्या, विधीसाठी बिशपबाबा येणार असं ठरलं. देवळाला चुना लागला, पताका लागल्या. तेवढ्यात बोर्डिंगच्या संडासाची टाकी तुंबली आणि अंगणात घाण वास सुटला. बाबांच्या स्वागताला हा वास नको म्हणून फिलेमोनरावांनी मनूला बोलावून घेतलं आणि टाकीत उतरवलं.

शेवटी तो वर आलाच नाही. वर काढला तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता.

नेमक्या त्याच दिवशी बिशपबाबा तालुक्याला नगरपालिकेच्या कचेरीत बसले होते. कशासाठी, तर गटारात आणि टाक्यांत माणूस उतरवणं बंद करा, हे सांगण्यासाठी. साहेब मान डोलावत होता. बाबांना त्या दिवशी वाटलं होतं, काम होईल.

प्रेत तपासणीसाठी दवाखान्यात गेलं. तान्हाबाई दवाखान्याच्या दाराशी बसली होती, तिथे फिलेमोनराव आले आणि हळू आवाजात बोलू लागले. झालं ते वाईट झालं, पण आता बोर्डिंगचं नाव जाऊ द्यायचं नाही. हवालदार विचारील तेव्हा तिने एवढंच सांगायचं की पोरगा दारू पिऊन आला आणि आपणच झाकण काढून पडला. तेवढं म्हण, मग भिंतीच्या अलीकडे, काळ्या मातीत, आमच्या माणसांच्या शेजारी त्याला जागा देतो.

तान्हाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर तिने याच काळ्या मातीवरचा पाचोळा झाडला होता. आपलं माणूस तिथे निजावं असं तिला किती वाटत होतं, हे देवालाच ठाऊक. पण ती म्हणाली, "माझं पोर दारूला शिवलं न्हाई कधी. आता ते मेलं म्हनून मी त्याला दारुडा करू?"

"मग पुर तुझ्या खडकात," फिलेमोनराव म्हणाले. "आणि सोनखांबच्या शेतातली चिमूटभर माती मिळाली तर मला सांग."

ते खोटं बोलले नाहीत. खालच्या ओळीची माणसं माती मागायला निघाली, तर एकाने पेरणीची जमीन उकरू नका म्हणून हात झटकले, दुसऱ्याने घरातूनच नाही म्हणून सांगितलं, तिसरा बांधावर आडवा उभा राहिला. पहारीने खड्डा तेवढा झाला. आता नुसते दगड रचून ठेवायचे तर डोंगरातले कोल्हे काय करतील, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातून वैशाखाचं ऊन. थांबायला सवड नव्हती.

तेव्हा तान्हाबाई आपल्या झोपडीत गेली. झोपडी खडकावरच उभी होती, पण फार वर्षांपूर्वी नवऱ्याने लांबून माती आणून तिची जमीन केली होती. चुलीपासच्या कोपऱ्यात मनूचा जन्म झाला होता. तिने विळा घेतला आणि तो कोपरा उकरला. वर्षानुवर्षांच्या सारवणाचे पापुद्रे सुटून आले, त्याखालची माती निघाली, आणि मग विळा खडकावर करकरला. पाटी जेमतेम भरली. ती डोक्यावर घेऊन तान्हाबाई कबरस्तानाकडे चालू लागली.

बिशपबाबांना तालुक्यातच कळलं होतं. कुणाच्या तरी टेम्पोत पुढे बसून ते आले आणि तडक खडकावर गेले. तिथे मनूची शवपेटी ठेवली होती, खालच्या ओळीची माणसं उभी होती, जबाब घ्यायला आलेला हवालदारही एका बाजूला थांबला होता. बाबांनी झगा घातला नाही, पवित्र शास्त्र उघडलं नाही. ते तान्हाबाईपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले.

"मी येणार म्हणून तुझं पोर उतरवलं गं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या दारात बसून मी न्याय मागत होतो, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मी पाहिलं नाही."

तान्हाबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "रडायचं मागनं बघू, बाबा," ती म्हणाली. "आधी त्याला झाकू या."

जुन्या घरांची माणसंही आली होती, पण भिंतीच्या त्या अंगाला, काळ्या मातीत. फिलेमोनराव भिंतीला टेकून उभे होते. पेटी खड्ड्यात उतरवली गेली. बाबांनी झगा चढवून प्रार्थना सुरू केली, आणि देह मातीच्या स्वाधीन करण्याचे शब्द आले तेव्हा भिंतीपलीकडून फिलेमोनरावांचा आवाज आला. "बिशपसाहेब, स्वाधीन करायला आधी माती तर पाहिजे. एका पाटीत पोराचे पाय तरी झाकतील का?"

दोघे-तिघे हसलेही. मढ्यासमोर हसणारी माणसं जगात असतात, आणि ती देवळात पुढच्या बाकावर बसणारीही असतात, हे लिहिताना लाज वाटते.

 बाबांनी डोळे मिटून मनात काय मागितलं, मागितलं की नाही, हे कुणाला कळलं नाही. त्यांनी वाकून पाटी उचलली आणि खड्ड्यावर कलती केली. माती पेटीवर पडली. बाबांनी पाटी आणखी कलती केली, आणखी माती पडली. पाय झाकले, छाती झाकली, डोक्याची बाजू झाकली.  त्यांनी पाटी सरळ करून आत पाहिलं, तर ती आणली तेव्हा होती तेवढीच भरलेली होती.

 बाबा ओतत राहिले. खड्डा अर्धा भरला, मग काठापर्यंत आला, मग वर उंचवटा झाला. तान्हाबाई पडणाऱ्या मातीकडे बघत होती. त्या प्रत्येक ढेकळात सारवणाचे पापुद्रे होते, आणि त्यांवर तिच्याच बोटांचे पट्टे होते. झोपडीच्या त्या कोपऱ्यात एवढी माती कधीच नव्हती. तरी ती तिथलीच होती, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं.

प्रभूची करणी पाहा! खालच्या ओळीची माणसं गुडघ्यांवर आली. आपण तिथे असतो तर आपणही आलो असतो. पण तान्हाबाई उभीच राहिली. आनंद तिच्या जवळपासही फिरकला नाही. तिने बाबांच्या बाहीला धरलं.

"बाबा, एवढी माती देता येती देवाला," ती म्हणाली, "तर त्या टाकीत येक श्वास का न्हाई दिला त्यानं?"

बिशपबाबा मोठे ज्ञानी. भल्याभल्यांच्या शंका त्यांनी फेडल्या होत्या. त्या दिवशी ते म्हणाले, "मला ठाऊक नाही." आणि ते पाटी पोटाशी धरून रडले.

मग मूठमातीची वेळ झाली. खालच्या ओळीतला एकेक जण पुढे झाला, पाटीत हात घालून मूठ घेतली आणि कबरीवर वाहिली. तोवर भिंतीपलीकडच्या बायांमध्ये चुळबुळ सुरू झाली होती. एक म्हातारी लुगडं सावरत दगडावर चढली आणि इकडे उतरली. तिच्यामागे दुसरी आली. मग पुरुष आले, खाली माना घालून. मघा हसलेले शेवटी आले. पाटीने कुणालाही नाही म्हटलं नाही. हवालदाराने टोपी काढून एक मूठ टाकली, त्यालाही मिळाली.

भिंतीपलीकडे आता फिलेमोनराव एकटेच राहिले होते.  आजोबांच्या काळापासून जी भिंत आढावांनी राखली, ती त्यांना चढता येईना. कुणी हात दिला नाही. शेवटी तेही कसेबसे आले, धोतराला धूळ लागलेली, आणि बाबांपुढे उभं राहून त्यांनी पाटीत हात घातला.

पाटीत काही नव्हतं. बांबूच्या कामट्यांवरून त्यांची बोटं खरवडत गेली.

त्यांनी पुन्हा हात फिरवला, पाटीच्या कडा चाचपल्या. मग बाबांकडे बघून त्यांनी विचारलं की सगळ्यांना पुरली आणि मलाच का नाही. बाबा म्हणाले, "मी काही केलं नाही, फिलेमोनराव. माती माझी नव्हती. जिची होती तिला विचारा."

फिलेमोनराव तान्हाबाईकडे वळले. आजवर त्यांनी तिला काम सांगितलं होतं, तिची टर उडवली होती, पण तिच्याकडे बघून तिला कधी काही विचारलं नव्हतं.  तेवढ्यात तीच बोलली.

"मनू उतरला तवा काय म्हनला, ते सांगा. मी न्हवते तिथं. तुमी व्हता."

फिलेमोनरावांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव ऐकत होतं, हवालदार ऐकत होता. खोटं बोलायला अजूनही वाव होता, आणि ते बोलले असते तर सोनखांबात त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. पण रिकाम्या पाटीत फिरलेला तो हात अजून तसाच पुढे धरलेला होता, आणि त्यांना तो मागे घेता येत नव्हता.

"नको म्हणत होता," ते म्हणाले. "प्यायलेला नव्हता. आत वास कोंडलाय, चक्कर येतीय, असं म्हणाला. दोनदा वर आला. मी म्हणालो..." ते थांबले.  "मी म्हणालो, तुम्हा लोकांना वास कधीपासून यायला लागला?"

 हवालदाराने मान फिरवली. पुढे याच बोलण्यावर खटला उभा राहिला, आणि कोर्टातही फिलेमोनरावांनी ते बदललं नाही. भिंतही पुढे पाडली गेली, तिच्या दगडांची बोर्डिंगला नवी पायरी झाली. पण ते पुढचं.

त्या घटकेला एवढंच झालं की फिलेमोनराव आढाव आधी गुडघ्यांवर आले आणि मग बाबांच्या पायांकडे वाकले. बाबा झटकन बाजूला झाले. "माझ्या नव्हे," ते म्हणाले, आणि स्वतःच तान्हाबाईपुढे वाकून त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. प्रांताचा बिशप, आणि अंगण झाडणारी बाई! फिलेमोनरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या शेजारी, त्या ताज्या मातीवर, आपलंही डोकं ठेवलं.

तान्हाबाईने खांद्याला धरून बाबांना उठवलं. झग्याला लागलेली माती तिने पदराने झाडली. बाबांनी तिला हलक्या आवाजात विचारलं, "यांना काही म्हणतेस का, बाई?" ती बराच वेळ त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. क्षमा केली म्हणावं असं तिला वाटलंही असेल, ती तशाच मनाची होती. पण शब्द आला नाही. बाबांनीही आग्रह केला नाही.

ऊन उतरू लागलं, माणसं एकेक करून निघाली. फिलेमोनराव वाकलेलेच होते. त्यांना उठा म्हणण्याचा हक्क तिथे एकाच बाईचा होता, आणि ती गप्प होती.