तीनदा आलेला निकाल

एका गावात एक भोळा संशोधक होता. म्हणजे गाव आपलं पुणंच, पण टेकडीपलीकडचं, जिथं यायला रिक्षावाले नाही म्हणतात. नाव रघुवीर लोंढे. पीएच.डी. झालेला, तरी भोळा. शिक्षणानं भोळेपणा जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्याला भेटावं. माझा त्याचा इतका घरोबा की आम्ही दोघं एकच चष्मा वापरतो. त्यामुळे सांगतो ते ऐकीव नाही.

हा लोंढे एका प्रयोगशाळेत लागला. तिथली माणसं कॉम्प्युटरवर नवंकोरं प्रथिन आखायची, ते जिवाणूंकडून बनवून घ्यायची आणि मग ते काम करतं का ते बघायची. द्राक्षांवर फवारलेलं औषध तोडून टाकेल असं प्रथिन त्यांना हवं होतं. दोन वर्षं सगळे त्यापायी खपत होते. लोंढेला मुदत तीन महिन्यांची. जमलं तर कायम, नाही तर परत गावी, मामाच्या पिठाच्या गिरणीवर. मामानं निघतानाच सांगितलं होतं, "जा बाबा, जा. तुझं स्टूल मी कुणाला देत नाही." त्या स्टुलाची लोंढेला फार धास्ती. म्हणून त्यानं ठरवलं, मॅडम सांगतील ते अक्षरशः करायचं.

मॅडम म्हणजे डॉ. बर्डे, प्रयोगशाळेच्या प्रमुख. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "लोंढे, आठ दिवस कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

तिसऱ्या दिवशी डीप फ्रीझरचं दार उघडं राहिलं. लोंढे खुर्ची घेऊन समोर बसला. आतला बर्फ वितळला, पाणी जमिनीवर आलं, चपलेपर्यंत आलं. त्यानं पाय वर घेतले आणि बघत राहिला.

"अहो, बघत काय बसलात!" मॅडम ओरडल्या.

"तुम्हीच म्हणालात, नुसतं बघायचं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, दार उघडं दिसलं की बंद करायचं!" रागात त्या 'अहो'वरून 'अरे'वर आल्या, त्या कायमच्या.

लोंढेनं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी थंड खोलीचं दार त्याला उघडं दिसलं. त्यानं बंद केलं, कडीही घातली. मॅडम आत होत्या. दारावर धपाधपा आवाज येत होता, पण उघडायचं असं कुणी सांगितलं नव्हतं. पाऊण तासानं नसीमा नावाची जुनी संशोधक आली, तिनं दार उघडलं. मॅडमचे ओठ जांभळे झाले होते.

"मूर्खा," त्या कुडकुडत म्हणाल्या, "आत कोण आहे का म्हणून आधी विचारावं!"

हे तर सोपं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जिवाणू वाढवायच्या चाळीस थाळ्या आल्या. लोंढेनं एकेकीचं झाकण काढलं, तोंड अगदी जवळ नेलं आणि विचारलं, "आत कोण आहे का?" चाळीस वेळा विचारलं. कोणी ओ दिली नाही. तीन दिवसांनी सगळ्या थाळ्यांत हिरवीगार बुरशी आली.

"आता आहे," लोंढे मॅडमना म्हणाला.

"थाळ्या उघड्या असल्या की तोंड उघडायचं नाही!" मॅडमचा आवाज चिरकला. "इथं काम करताना तोंड बंद! कळलं?"

लोंढेनं मान हलवली. तोंड उघडायला बंदी होती ना.

मग तो गप्प राहिला. आणि गंमत बघा, गप्प राहिल्यावर माणसाचं काम सुधारतं. एके दिवशी त्याच्या हातच्या प्रथिनानं ते औषध खरंच तोडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! लोंढेच्या पोटात आनंद मावेना. पण तोंड बंद. आठ दिवसांनी नसीमानं त्याची वही चाळली आणि ती किंचाळलीच.

"अरे शहाण्या, एवढी गोष्ट पोटात ठेवून बसलास?" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "पण ऐक. एकदा झालं ते खरं मानायचं नाही. तीनदा करायचं. तीनदा तेच आलं तर खरं. शेजारी तुलनेला एक रिकामी कुपी घ्यायची. आणि सगळं वहीत लिहायचं."

लोंढेनं तीनदा केलं. तीनदा तेच आलं. शुद्ध प्रथिन काचेच्या तीन कुप्यांत भरलं. तेवढंच होतं, थेंबभरही जास्त नाही. दिल्लीहून समिती बघायला येणार होती. मॅडम म्हणाल्या, "उद्या या कुप्या थंड खोलीतून हॉलमध्ये आण. एवढं केलंस की तू कायम." त्या दिवशी लोंढेनं मामाला फोन केला, "स्टूल देऊन टाक कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी समिती बसली. टेबलावर दाखवायला थाळ्या उघडून ठेवल्या होत्या. लोंढे थंड खोलीपाशी गेला. "आत कोण आहे का?" विचारलं. कोणी नव्हतं. आत गेला, कुप्यांचा ट्रे घेऊन बाहेर आला. मागं दार उघडं दिसलं. उघडं दिसलं की बंद करायचं. त्यानं एका हातानं ट्रे धरला, दुसऱ्यानं दार ओढलं. ट्रे कलला. एक कुपी खाली पडली. खळ्ळ.

लोंढेच्या डोळ्यांपुढं स्टूल आलं, गिरणीचा पट्टा आला, पिठानं पांढरा झालेला मामा आला. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात त्याला मॅडमचे शब्द आठवले. एकदा झालं ते खरं मानायचं नाही. कुपी तर एकदाच फुटली होती! लोंढेला केवढं हायसं वाटलं.

दहा मिनिटांनी तो हॉलमध्ये शिरला. हातात नुसती वही.

"लोंढे, कुप्या?"

"मॅडम, निकाल पक्का आहे," लोंढे वही तोंडाआड धरून अभिमानानं वाचू लागला. "कुपी पडली की फुटते. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. तुलनेला एक रिकामीही टाकली. तीसुद्धा फुटली."

मॅडमनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

लोंढे पुढं झाला आणि वहीआडून हळूच म्हणाला, "मॅडम, तोंड. थाळ्या उघड्या आहेत."

मामानं स्टूल कुणाला दिलं नव्हतं. सध्या आम्ही दोघं त्यावरच बसतो. गिरणी बरी चालली आहे. फक्त गावातल्या बायका विचारतात, एकच दळण तीनदा का दळतोस रे?