आम्ही थांबतो

"आमचा आवाज लोकांपर्यंत जातो, भन्तेजी. शब्द जात नाहीत. असं का?"

भन्ते धम्मसार समाजभवनाच्या ओट्यावर बसून फाटकी सतरंजी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणते शब्द?"

विचारणारा होता तुषार वासनिक. वय बावीस. पवनीतल्या विहाराला लागून असलेल्या त्या समाजभवनात त्याचा बँड दर रविवारी दुपारी सराव करायचा. बँडचं नाव 'तग'. वाजवायचे मेटलकोर. म्हणजे गिटारी गुरगुरणार, ड्रम धडाडणार आणि गाणारा पोटातून आरोळ्या देणार. वस्तीतल्या जाणत्यांनी तक्रार केली, तेव्हा भन्तेजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं आणि किल्ली तुषारच्याच हातात ठेवली होती.

तुषारला आपल्या गाण्यांचा अभिमान होता. असलं संगीत वाजवणारे बरेच जण संतापाची, मरणाची गाणी करतात. 'तग' जगण्याची करायचा.

"म्हणून दाखव," भन्तेजी म्हणाले.

तुषारने पाय रोवले.

"पडलास तरी ऊठ! आम्ही थांबतो, तू ऊठ!"

पिंपळावरचे पारवे फडफडत उडाले.

"शब्द चांगले आहेत. कुणासाठी लिहिलेस?"

"जो एकटा पडलाय त्याच्यासाठी."

"कोण पडलाय?"

"असे… पुष्कळ असतात, भन्तेजी."

सुईतला दोरा संपला. भन्तेजींनी नवा ओवला.

"चेतन दिसला नाही आज."

चेतन नगराळे त्यांचा ड्रमर, शाळेपासूनचा त्याचा दोस्त. तीन महिन्यांपूर्वी चेतनची आई गेली होती.

"त्याला काढलं. पंधरा दिवसांवर नागपूरचा कार्यक्रम आलाय, आमचा पहिला मोठा. आणि त्याचे हात मध्येच थांबतात. दुसरा पोरगा मिळालाय. मशीनसारखा वाजवतो."

"चेतनला सांगितलंस?"

"मेसेज केला."

भन्तेजींनी दोन टाके घातले.

"ते गाणं पुन्हा म्हण."

तुषारने म्हटलं. आवाज मघापेक्षा मोठा लागला.

"अजून एकदा."

"पडलास तरी ऊठ! आम्ही…"

तोंड उघडं राहिलं. पुढचं काही बाहेर येईना.

"घसा बसला का?"

"नाही…"

तुषारने ओट्याखालच्या चपला हातातच घेतल्या आणि तसाच अनवाणी निघाला.

चेतन घरी वरणाला फोडणी देत होता. वडील शेतावरून यायचे होते. तुषारला दारात पाहून तो म्हणाला, "ये ना. उभा कायले राहिला?"

"राग आला काबे माहा?"

"राग कायचा? मीच सोडणार होतो. वाजवता वाजवता आई डोळ्यांपुढं येते… अन् हात थांबते."

"मग थांबत जा."

"स्टेजवर?"

"हो, स्टेजवर."

"अन् तुम्ही लोकं तवा काय करान?"

तुषार खाली बसला.

"मेसेज करायला नको होता मी. माफ कर, चेतन."

चेतनने गॅस बारीक केला. मांडणीवरून दोन ताटं काढली.

"जेवून जा. मीठ जास्त झालं असंन, पयलेच सांगतो."

मीठ खरंच जास्त झालं होतं. तुषारने दोनदा भात घेतला.

नागपूरला संध्याकाळी सहाला त्यांची पाळी आली. नव्या पोराला नको म्हणून कळवलं होतं; ड्रमवर चेतनच होता. दोन गाणी सुरळीत झाली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर चेतनचे हात थांबले.

गिटारवर पायल होती. तिने तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला. तुषारने माईक खाली केला, लोकांकडे पाठ केली आणि चेतनकडे तोंड करून उभा राहिला.

कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "झोपले का बे?"

तुषार हलला नाही…

चेतनने बाहीने तोंड पुसलं. पायलकडे पाहिलं. तुषारकडे पाहिलं. मग लांब श्वास घेतला आणि दोन्ही काठ्या एकदम खाली आणल्या.

उरलेलं गाणं त्यांनी कसं वाजवलं, ते तुषारला नीट आठवत नाही. सगळे हसत होते एवढं आठवतं.

उतरल्यावर आयोजक म्हणाले, "पुढच्या वेळी जरा तयारी करून या." तुषारने हो म्हटलं. परतीच्या गाडीत चेतन त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. आई गेल्यापासून इतका गाढ तो झोपला नव्हता. खांदा आखडला, तरी तुषारने तो उमरेड मागे पडेपर्यंत हलवला नाही.

पुढच्या रविवारी तुषार सगळ्यांच्या आधी विहारात पोचला. भन्तेजींना वंदन करून त्याने सगळी हकिकत सांगितली. सांगता सांगता चेहरा फुलून आला होता.

"आता मला समजलं, भन्तेजी. इथून पुढे प्रत्येक कार्यक्रमात गाण्याआधी मी हे लोकांना सांगणार. चेतनची गोष्ट. आम्ही त्याच्यासाठी कसे थांबलो ते. ऐकून लोक रडतील, बघा तुम्ही."

भन्तेजी ऐकत होते.

फाटकाशी ऑटो येऊन उभा राहिला. चेतन एकटाच उतरला. मागे बांधलेला मोठा ड्रम सोडवू लागला. गाठ काही सुटेना.

"असं सांगितलं ना, भन्तेजी, की मग शब्द थेट काळजात…"

भन्तेजी उठले. चीवर सावरलं, ओट्याची पायरी उतरले. फाटकाकडे चालता चालता मागे वळून म्हणाले,

"तू सांगत राहा, तुषार. मी तेवढा ड्रम धरतो."