येतेची वेस

मंगळावरच्या तांबडवाडीला एकच वेस आहे, बोलणारी, हवाबंद दुहेरी दारांची. तिथून बाहेर पडताना बायका "येते" म्हणतात आणि पुरुषही "येते"च म्हणतात. पृथ्वीवरून आलेल्या मराठी पाहुण्यांना हसू फुटते. मग वेशीपाशी बसणारे दामूआबा त्यांना त्यामागची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, इथे सगळ्यांनी मेळभाषाच, म्हणजे देशोदेशींच्या लोकांसाठी केलेली एक भाषा, बोलायची असा दंडक होता. बाहेर जाणाऱ्याने त्याच भाषेत वेशीला "गेलो" अशा अर्थाचा शब्द सांगायचा. वेस ऐकायची, तिला सगळ्या भाषा कळायच्या. पण शब्द म्हणेल तेवढेच ती खरे मानायची. वादळाचा भोंगा झाला की गेलेल्यांसाठी ती थांबत नसे. कोणी येत असेल तर मात्र बाहेरचे दार लावत नसे.

सगुणा खरात सोलरच्या पत्र्यांवरची धूळ पुसायला जाई. चारचौघांत वेगळे दिसायची तिला धास्ती होती. नावसुद्धा तिने "सागा" करून घेतले होते. एका सकाळी काचेपलीकडे तिची धाकटी लेक कुंदा रडू लागली. सगुणा नियम विसरली आणि म्हणाली, "येते गं, राणी."

सोबतचा ओबी, लांबच्या देशातला, पण तिच्या संगतीने थोडे मराठी कळू लागलेला, हसत सुटला. "अजून बाहेर पडली नाहीस आणि येतेस कुठून?"

"कोणाला सांगू नकोस," ती खाली मान घालून म्हणाली.

दुपारी वादळ उठले. पळताना ओबीचा पाय मुरगळला. भोंगा वाजून गेला, तेव्हा दोघे अजून डोंगराच्या उतारावर होते.

"तू जा पुढे," ओबी म्हणाला.

"गप चल," सगुणाने त्याला खांद्याचा आधार दिला. वेस मिटली असणार, असेच दोघांनाही वाटत होते.

इकडे मुकादम वेशीवर ओरडत होता, असे सांगतात. "दार लाव!"

"सागा येत आहे," वेस म्हणाली.

"कधीपासून येतेय?"

"सकाळपासून."

धुळीत दोघांना आधी दिवा दिसला, मग उघडे दार. आत येऊन दोघे तिथेच बसले. कुंदा आईच्या गळ्यात पडली. वेशीने रोजच्यासारखे विचारले, "कोण आले?"

"सगुणा खरात," सगुणा म्हणाली. "आणि हा ओबी."

पाय बरा झाल्यावर ओबी पुन्हा कामावर निघाला. वेशीसमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "येते!"

सगुणा खळखळून हसली. "अरे बाबा, पुरुषाने 'येतो' म्हणायचं."

"दार ज्या शब्दाला थांबलं, तोच म्हणणार. उगाच बदल करून बघू कशाला?"

पुढे ओबीच्या घरचे तसे म्हणू लागले, मग शेजारचे, मग सगळी वाडी. मुकादमाने काही दिवस रागावून पाहिले. नंतर तोही म्हणू लागला.

वाडीत आजही मेळभाषाच जास्त चालते. वेशीत मात्र, "येते"ला आतून कोणीतरी "ये हं" म्हणेपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही.