करडीचे दोन हात

फार वर्षांपूर्वी एका रानात वानरांचा कळप राहत होता. त्यातल्या करडी नावाच्या वानरीच्या पिल्लाच्या बोटांत जन्मापासून पकडच नव्हती. इतर पिल्लं आईच्या पोटाला घट्ट बिलगून बसत, करडीला मात्र त्याला सतत हाताने धरून ठेवावं लागे.

तिची थोरली बहीण साळू रोज येऊन सांगे, "त्याला कडू पाला चाटव, बोटं वळतील." आपण बहिणीसाठी केवढं करतो, असं वाटून ती समाधानाने निघून जाई.

एका दुपारी तिच्या डोळ्यांदेखत करडी उंबरावरून खाली कोसळली. पिल्लू छातीशी तसंच होतं. साळू सावरायला धावली आणि हादरलीच. बहिणीच्या अंगावर नुसती हाडं!

"काय गं हे? तू खात नाहीस?"

"कुठल्या हाताने खाऊ, ताई? एका हातात फांदी, एका हातात हा."

साळूने आजूबाजूला पाहिलं. कळपातल्या मावश्या सगळ्यांची पिल्लं खेळवत होत्या. याला कुणीच घेतलं नव्हतं. तिनेही नाही.

"दे इकडे."

"तो धरून राहत नाही गं."

"मी धरते ना त्याला."

करडीने पिल्लू दिलं आणि खाली पडलेली उंबरं ती दोन्ही हातांनी तोंडात कोंबू लागली. साळूला तिच्याकडे बघवेना.