उंदरीण आणि धुराची वाट

डोंगराच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण माळ होता. मुलांनो, त्या माळावरच्या उंच गवतात एका उंदरिणीचे बीळ होते. एका उन्हाळ्यात ती दाणे वेचायला दूर गेली असताना माळाला वणवा लागला. ती धापा टाकत परतली, तोवर आग पुढे निघून गेली होती. बिळाला झळसुद्धा लागली नव्हती. पण आत धूर कोंडला होता आणि तिची चारही पिल्ले गुदमरून गेली होती. शेजारी आले, "नशिबाचे भोग, दुसरे काय!" म्हणाले आणि आपापल्या वाटेने गेले.

उंदरीण कितीतरी दिवस तिथेच बसून होती. तिच्याशी काय बोलावे हे कोणाला सुचेना, म्हणून हळूहळू तिच्याकडे कोणी फिरकेनासे झाले. एके दिवशी ती उठली आणि जळलेली बिळे पाहत माळभर हिंडली. ज्यांचे तोंड वाऱ्याकडे होते, त्यांच्यात काजळी खोलवर गेली होती. ज्यांना एकच तोंड होते, त्यांतले कोणीच वाचले नव्हते. वाटेतल्या एका वारुळाला तिने नाक लावले, तर वरच्या भोकातून उबदार हवा बाहेर येत होती. म्हणजे खालून कुठूनतरी ताजी हवा आत शिरत होती.

मग तिने ओहोळाच्या काठावर नवे बीळ खणायला घेतले. त्याचे एक तोंड खाली ओल्या दरडीत, दुसरे वर, वाऱ्याकडे पाठ केलेले. काठावरची चिकणमाती आणून, तिच्यात गवताचा चुरा कालवून तिने भिंती लिंपल्या. दोन्ही तोंडांभोवतीचे गवत कुरतडून जमीन उघडी केली. वाटेने जाणारा ससा थांबून म्हणाला, "मावशी, एकट्या जिवाला एवढं मोठं घर कशाला?"

"एकटीला नकोच आहे," उंदरीण म्हणाली. "तूही ये मदतीला. तुझ्या पिल्लांनाही जागा होईल."

"वणवा काय रोज येतो?" असे म्हणून ससा हसत निघून गेला.

पावसाळा सरला, थंडीही सरली. उंदरीण एकटीच माती वाहत होती. कधी कधी दिवसभर कोणाचा शब्द कानी पडत नसे. मग ती स्वतःशीच मोठ्याने म्हणे, "आता हा कोपरा लिंपायचा," तेवढाच कोणाचा तरी आवाज! थंडी संपता संपता गवतात घरटे करणारी एक लावरी आली. त्याच वणव्यात तिची अंडी करपली होती. ती म्हणाली, "मावशी, मला खणता येत नाही, पण गवत साफ करता येईल. करू का?" दोन दिवसांनी एक साळू आली आणि काही न विचारता खणू लागली. त्या तिघींनी बीळ पुरे केले. रोजचे काम झाल्यावर त्या दोघी आपापल्या घरी जात आणि बीळ पुन्हा मुके होई.

चैत्रात डोंगरावरून धूर उतरला. लावरी पिल्लांना घेऊन आली, साळू आली, मागोमाग इतरही आले. सगळ्यांत शेवटी ससा आला. तो बिळाच्या तोंडाशीच मान खाली घालून थबकला.

"लाज नंतर वाटू दे," उंदरीण म्हणाली. "आधी पिल्लं आत घाल!"

इतक्यात वारा फिरला. वरच्या तोंडातून धूर आत येऊ लागला. पिल्ले खोकू लागली, सगळे घाबरून तिकडूनच बाहेर पळू लागले. "मागे फिरा!" उंदरीण ओरडली. "सगळे खालच्या तोंडाशी जा आणि जमिनीला नाक लावून पडा." तिने आणि साळूने ओली माती ओढत नेली आणि वरचे तोंड आतून बुजवले. धूर थांबला. खालच्या दरडीतून ओलसर, गार हवा येत राहिली. आग डोक्यावरून निघून गेली आणि आतला एकही जीव दगावला नाही.

बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, "मावशी, आजपासून तुम्हीच आमच्या राणी. आम्ही इथेच राहू."

"राणी नको," ती म्हणाली. "पुढच्या वेळी वणवा दुसऱ्या बाजूने आला, तर इथवर पोहोचेपर्यंत कोण वाचेल? चारी बाजूंना अशी घरं हवीत. मी दाखवते, खणायचं मात्र तुम्ही."

सशाने विचारले, "आमच्या घराचं तोंड कोणीकडे करू?" उंदरीण दमली होती, तरी त्याच्याबरोबर चालत गेली आणि तिने वारा पाहून जागा दाखवली. संध्याकाळी ती परतली, तेव्हा ते मोठे बीळ रिकामे होते. ती एकटीच दाराशी बसली. काळ्या पडलेल्या माळावर चहूकडे माती उकरल्याचा आवाज येत होता. तो ऐकत ती बराच वेळ बसून राहिली.

तात्पर्य : जे दुःख आपण सोसले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून जो झटतो, तोच खरा पुढारी, आणि त्याला संकटाआधी साथ द्यावी, संकटानंतर नुसता मान नव्हे.