पानमळ्यातली बांधणी

“मग सोडू का, अक्का?”

बसवंताने हे विचारलं तेव्हा नीलाक्का पानमळ्यात उकिडव्या बसून वेल बांधायला केळीचं वाळकं सोपट पाण्यात भिजवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय सोडतुयास? आधी चपला सोड.”

बसवंताने खाली पाहिलं. पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही, हे त्याला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. आज तो तसाच आत आला होता. मुकाट्याने बाहेर गेला आणि अनवाणी परत आला.

“गोळी,” तो म्हणाला. “शेवटची अर्धी उरलीय. तीही सोडू का?”

अक्का सोपटाच्या पट्ट्या काढत राहिल्या.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात अक्का एकट्या राहत. मठाचं उत्पन्न म्हणजे हा पानमळा. बसवंत त्यांचा लाडका शिष्य, आणि लाडका म्हणून थोडा शेफारलेलाही.

मधल्या काळात त्याच्या मनाने दावं तोडलं होतं. रात्र रात्र झोप नाही, कानात आवाज, आणि घरच्या अन्नात कुणी काही कालवलंय अशी धास्ती. बायको गिरिजा पोराला घेऊन माहेरी गेली. गाव म्हणायचं, वेडा झाला. अक्का म्हणायच्या, पोरगं आजारी आहे. तो फक्त त्यांच्या हातचं खायचा. डॉक्टरांच्या गोळ्या अक्का त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर बसून राहायच्या.

आवाज गेले. मग डॉक्टरांनी रक्त तपासलं, अंगात काय कमी आहे ते सांगितलं आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही लिहून दिल्या. आता लिंगायताच्या घरात माशाचं तेल म्हणजे पंचाईत. पण अक्का म्हणाल्या, “औषध हाय. नाक धरून गीळ.” नाचणी आली, जवस आला, भिजवलेले बदाम आले. अंगात जीव आला तशी डॉक्टरांनी एकेक गोळी उतरवत आणली.

माणूस बरा व्हायला लागला की सगळ्यात आधी त्याची ऐट बरी होते. बसवंताचीही झाली.

“डॉक्टर काय म्हणत्यात?” अक्कांनी विचारलं.

“ते म्हणतात, अजून थांबू.”

“मग मला का विचारतुयास?”

“तुम्ही हो म्हटलंत तर...”

“म्हंजे आता डॉक्टरबी मीच व्हय?”

बसवंत जरा हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

“रविवारी गिरिजा येतेय, अक्का. पोराला घेऊन. तिने मला कसं कसं पाहिलंय, तुम्हाला माहीत आहे. आता तिच्यासमोर गोळी गिळायची नाही मला. पुरता बरा होऊन दारात उभा राहायचंय.”

“हूं.”

“आणि खरं सांगू? मला बरं केलं ते खाण्यानं. नाचणीनं, त्या तेलानं. गोळीनं नाही.”

अक्कांनी जवळच्या वेलाचं एक पान खुडून त्याच्या हातात दिलं.

“हे कशानं हिरवं झालं? खतानं, पाण्यानं का सावलीनं?”

“सगळ्यानंच.”

“मग सावलीची शेवरी उपटू?”

बसवंत पान फिरवून बघत राहिला.

“ऊठ,” अक्का म्हणाल्या. “नव्या वेलाची बांधणी राहिलीया. पलीकडनं धर.”

पानवेलीचा कोवळा शेंडा शेवरीच्या खोडाला बांधावा लागतो. काही दिवसांनी वेल पेरापेराला मुळ्या फोडून स्वतःच खोड धरतो, तोवर सोपटाचा आधार. हे काम दोघांचं. एकानं पलीकडून खोडाला हात घालून वेल धरायचा आणि दुसऱ्यानं सोपट फिरवून गाठ मारायची. लहानपणापासून बसवंत पलीकडून धरत आला होता.

“बसा तुम्ही,” तो म्हणाला. “मी एकटा बांधतो.”

अक्का बसल्या. त्यांना घाई नव्हती.

बसवंताने वेल खोडाला टेकवला. सोपट मागून घ्यायला हात सोडला, तसा वेल कलंडला. त्याने पुन्हा उभा केला, या वेळी खांद्याने दाबून धरला. सोपट निसटलं. पुन्हा वाकला. पट्टी उचलली. चिडून ओढली, तशी ती मधोमध तुटली.



“झोप लागती का रं?” अक्कांनी हळूच विचारलं.

“लागते.”

अक्कांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“नाही लागत.” तो दोन्ही हातांनी वेल धरून खोडाला कपाळ टेकून उभा राहिला. “विचारायला आलो नव्हतो, अक्का. सोडलीय मी. गेल्या सोमवारीच सोडली. काल रात्री वाटलं, माळ्यावर कुणीतरी बोलतंय... मांजर असेल.”

“आसंल.”

“मांजर नव्हतं.”

“ठाऊक हाय.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“चपला घालून आलास.”

बसवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात उचलणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “हात काढू नगंस. वेल पडंल. गळू दे डोळं.”

त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत त्याच्या जवळ आल्या. नवी पट्टी घेतली. त्याने दोन्ही हातांनी वेल धरून ठेवला होता, नाक वाहत होतं, आणि तरी तो हलला नाही. अक्कांना त्याची इतकी माया आली की त्यांनी पदराने आधी त्याचं नाक पुसलं आणि मगच सोपट फिरवलं.

“आजच डॉक्टरांकडे जातो,” तो म्हणाला. “खरं काय ते सांगतो.”

“जाऊ की. मीबी येती.”

“ते रागावतील.”

“रागवू देत. रागावणारं मानूस असावं एखादं.”

अक्कांनी गाठ मारली. गाठीखाली आपलं बोट सरकवून पाहिलं, वेल काचत नाही ना.

बसवंताचे हात अजून वेलावरच होते.

“अक्का, रविवारी गिरिजा आल्यावर... तिला काय सांगू?”

अक्का पुढच्या शेवरीकडे निघाल्या होत्या. ओलं सोपट त्यांच्या खांद्यावर होतं.

“तिला म्हनावं, पलीकडनं धर.”