नांदरखिंडीचं विमान

नांदरखिंडीचा घाट चढून वर आलं की सपाट माळ लागतो. माळाच्या पूर्वेला कडा आहे, पश्चिमेला माळजाईचं बुटकं देऊळ, आणि दोहोंच्या मध्ये एक लहानसं लढाऊ विमान उभं आहे. शहरांतल्या चौकांत अशी विमानं खांबावर चढवून, नाक आभाळाकडे करून ठेवलेली दिसतात. हे तसं नाही. हे आपल्या तीन चाकांवर, जमिनीवर उभं आहे. दोरखंडांनी बांधलेलं, स्वच्छ पुसलेलं. उन्हाळ्यात पाहिलंत तर त्याचं तोंड पश्चिमेला असतं, आणि थंडीत आलात तर पूर्वेला.

जुन्या विमानांच्या नादानं पुण्या-मुंबईकडची मंडळी इथे येतात. फोटो काढतात, हौसेनं ब्रश घेऊन रंगही देतात. मग देवळाचे धोंडीबापू गुरव त्यांना पायरीवर बसवतात. विमानाचं तोंड का फिरतं, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. बापू पागोटं मांडीवर काढून ठेवतात आणि सांगू लागतात.

गावात केरबा शेलार नावाचा गडी होता. हवाई दलात फिटर. विमान उडण्याआधी आणि उतरल्यानंतर त्याचा खिळा न् खिळा तपासायचा, हे त्याचं काम. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा तो सरहद्दीजवळच्या तळावर होता आणि हेच विमान त्याच्या हाताखाली होतं. नॅट याचं नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ चिलट. आकारानं तसंच, पण मोठ्या मोठ्या विमानांना बेजार करायचं.

ते चालवायचे भुल्लर नावाचे एक तरणे साहेब. एका दुपारी चार विमानं गेली आणि तीन परतली. चौथं भुल्लरसाहेबांचं. इंधन संपायची वेळ टळून गेली होती. बाकीचे फिटर हळूहळू पांगले, केरबा धावपट्टीच्या कडेला तसाच उभा राहिला. देवाला नवस सगळेच बोलतात. केरबा म्हणे विमानालाच बोलला, "पोराला घेऊन ये. तू आलास तर तुला भंगारात जाऊ देणार नाही. माझ्या गावाला नेईन, मरेपर्यंत सांभाळीन."

आणि विमान आलं, असं सांगतात. शेपटीची चाळण झालेली, एक चाक अर्धवट उघडलेलं. काहीजण तर सांगतात की त्याला एक पंखच नव्हता. "ते मात्र खरं धरू नका," बापू म्हणतात, "गोष्ट माळावर राहिली की तिला वारा लागतो."

वर्षं गेली. केरबा निवृत्त होऊन गावी आला. पुढे ती विमानंही निवृत्त झाली. एकेक कापलं जाऊ लागलं, तशी केरबाची झोप उडाली. त्यानं अर्ज केले, दिल्लीला खेपा घातल्या. भुल्लरसाहेब तोवर मोठ्या हुद्द्यावर पोहोचले होते. त्यांनी शब्द टाकला आणि इंजिन काढून घेतलेलं ते विमान गावाला मिळालं.

देवळापुढच्या गायरानात ते उभं करायचं म्हणून गाव जमलं. सगळे राजी होते. तेवढ्यात बायकांतून सगुणाबाई उठली. तिचा एकुलता लेक निवृत्ती त्याच लढाईत पायदळात होता. त्याचं शरीरही गावाला आलं नव्हतं. आली ती एक पेटी, आणि पेटीत इस्त्री केलेले कपडे.

सगुणाबाई म्हणाली, "केरबा, तुझं इमान परत आलं. माझा लेक न्हाई आला. आता हे रोज माझ्या डोळ्यांपुढं हुबं करणार व्हय?"

केरबा खाली बघत म्हणाला, "न्हाई काकू. गायरानात न्हाई करत."

गायरान सोडून त्याचा स्वतःचा खडकाळ पट्टा होता, पार कड्याच्या बाजूला. तिथे त्यानं विमान उभं केलं. पंख जोडले, जमिनीत कड्या गाडून दोर बांधले. थंडीचे दिवस होते, वारा पूर्वेचा, म्हणून तोंड पूर्वेला ठेवलं. बाबालाल शिकलगार विळे-कोयत्यांना धार लावायचा. तो आपणहून येऊ लागला. दोघं मिळून गंज खरवडत, तेलाचा हात देत, पंखांवर चढलेल्या शेळ्या हाकलत. लोक हसत. बाबालाल म्हणायचा, "हसू देत. लोखंड हसण्यानं गंजत न्हाई."

सगुणाबाई शेळ्या घेऊन त्याच वाटेनं जायची. विमानाजवळ आली की पदर पुढे ओढायची आणि मान फिरवायची. केरबा तेवढा वेळ हातातलं काम थांबवून उभा राहायचा. रोज. आपण नवस फेडला, पण एका आईच्या जखमेवर आणून उभा केला, असं त्याला वाटायचं. एकदा तो बाबालालला म्हणाला, "द्यावं का रे परत?" बाबालालनं खरवडणं थांबवलं नाही. म्हणाला, "ते तुला इचारून आलं व्हतं का? तू बोलावलंस, म्हणून आलं."

मग अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचा करा भरतात, नैवेद्य दाखवतात. सगुणाबाईनं लेकाच्या नावाचं पान वाढलं. कावळा शिवेना. वाट पाहून ती तशीच उठली आणि शेळ्या घेऊन माळावर आली.

दुपार कलली आणि पश्चिमेकडून वळवाचं वादळ उठलं. माळावरची धूळ अशी उठली की देऊळ दिसेना. केरबा धावत विमानाकडे गेला. तोंड पूर्वेला, त्यामुळे वारा पाठीमागून भरत होता. पोटात इंजिन नाही, विमान हलकं. शेपटी वर उठू लागली. एक दोर तुटला, मग दुसरा. चाकं कड्याकडे सरकू लागली. केरबा नाकापुढे उभा राहिला, छाती लावून, टाचा मातीत रुतवून. कडा त्याच्या पाठीशी होता. त्यानं हाका मारल्या, पण वारा त्या त्याच्याच मागे दरीत टाकत होता.

बाजूला हो, असं त्याला वाटलंच नसेल का? बापू म्हणतात, वाटलं असेल. पण तो हलला नाही.

सगुणाबाई देवळाच्या आडोशाला होती. धूळ क्षणभर विरली आणि तिला दिसलं ते एवढंच: एक माणूस, पाठीमागे दरी, आणि त्याच्यावर चालून येणारं ते विमान. तिनं शेळ्या सोडल्या. देवळातली घंटा बडवली, वेड लागल्यासारखी बडवली. गावात ऐकू जाईपर्यंत थांबली, आणि मग वाऱ्यात पदर उडवत धावली. केरबानं पाहिलं, आपल्या शेजारी विमानाच्या नाकावर एक सुरकुतलेला हात टेकला आहे.

"काकू, मागं व्हा! खाली जाल!"

"गप धर," ती म्हणाली. "निवृत्तीला धराया म्या तिथं नव्हते. हितं हाय."

दोघांच्या ताकदीनं विमान थांबणं शक्य नव्हतं. पण थांबलं, असं सांगतात. घंटा ऐकून गाव येईपर्यंत ते जागचं सरकलं नाही. बाबालाल आला, गडी आले, बायका आल्या. कुणी पंखाला, कुणी शेपटीला खांदा दिला. केरबा ओरडून सांगत होता, "तोंड वाऱ्याकडं करा! त्याला वाऱ्याकडं बघू द्या!" विमान हळूहळू फिरलं. नाक पश्चिमेला आलं तसं ते चाकांवर बसलं, आणि वारा त्याच्या पंखांवरून गुपचूप निघून जाऊ लागला. त्या वेळी रिकाम्या पोटातून आवाज आला म्हणे, इंजिन सुरू व्हावं तसा. वारा शिरला असेल. पण गावानं तो ऐकला.

वादळ ओसरल्यावर सगळे तिथेच मातीत बसले. सगुणाबाईचा हात अजून विमानावर होता. तिनं विचारलं, "ह्यात बसून जो माघारी आला, त्याला आई हाय का रं?"

"हाय, काकू. पंजाबात. म्हातारी झालीय."

"मग तिला कळव. म्हणावं, तुझ्या लेकाला ज्यानं घरी आणलं, त्याला म्या धरलं."

केरबाला रडू आवरलं नाही. बाबालाल तुटलेले दोर गोळा करायच्या निमित्तानं उठून गेला.

दुसऱ्या वर्षी गावानंच विमान कड्यापासून उचलून गायरानात आणलं. या खेपेला कुणी हरकत घेतली नाही. आणायला सांगितलं तेही सगुणाबाईनंच, असं बापूंचं म्हणणं. तिला ते आवडू लागलं होतं, असं मात्र ती कधी बोलली नाही. जगली तोवर दर अक्षय्य तृतीयेला, विमानाचं तोंड फिरवायच्या आधी, नाकावर पहिला हात टेकायला येत राहिली, एवढंच. ती गेल्यावर पहिला हात कुणाचा, हा प्रश्न पडला. केरबा जिवंत होता. त्यानं गर्दीतून एका बाईला पुढे बोलावलं, जिचा मुलगा सियाचीनला होता.

आजही अक्षय्य तृतीयेला नांदरखिंडीचं गाव माळावर जमतं आणि विमानाचं तोंड पश्चिमेला फिरवतं. दसऱ्याला ते पुन्हा पूर्वेकडे वळवतात, पण ते काम चार गडी सहज करून टाकतात, त्याला सोहळा नसतो. वैशाखात मात्र सगळे खांदे देऊन तयार असले तरी कुणी जोर लावत नाही. आधी ज्या आईचं लेकरू लांब आहे ती पुढे येते. यंदा सुमन घोरपडे आली होती. तिची लेक सैन्याच्या इस्पितळात परिचारिका आहे, आसामात. तिनं नाकावर हात टेकला, डोळे मिटले. ऊन तापलेलं होतं, पत्रा भाजत असणार. गाव थांबून राहिलं. तिनं डोळे उघडून मान हलवली, तेव्हा कुठे चाकं फिरली.